डावीकडे वळलेली नाळ

"खोटं काय बोललो मी, चाचा? तेवढं एक सांगा."

याकूब होडेकर पटाशीला धार लावत होते. त्यांनी दगडावर पाण्याचे चार थेंब टाकले, पातं पुढे सरकवलं, मागे घेतलं.

"खोटं नाही बोललात," ते म्हणाले.

"मग तो येत का नाही?"

चाचांनी पातं उन्हाकडे धरून पाहिलं. पुन्हा दगडावर ठेवलं.

विचारणारे शेवडे उभेच राहिले. त्यांच्या हातात पंच्यात गुंडाळलेली एक होडी होती. हातभर लांबीची, शिवणीच्या लाकडाची. आठ दिवस खपून त्यांनी ती दुरुस्त केली होती आणि गेले तीन रविवार ते ती घेऊन येत होते. ज्याची होती तो माणूस मात्र आला नव्हता.

करंजवेळ हे खाडीकाठचं गाव. होडेकरांच्या घराण्यानं तिथे पिढ्यानपिढ्या मचवे आणि गलबतं बांधली. पुढे फायबरच्या होड्या आल्या, लाकडाला गिऱ्हाईक उरलं नाही, आणि याकूबचाचांच्या मांगरात, होड्या बांधायच्या त्या छपरात, नुसती हत्यारं टांगलेली राहिली. हात मात्र स्वस्थ बसेनात. म्हातारपणी त्यांनी हातभर लांबीच्या होड्या बांधायला घेतल्या. विकायला नव्हे, कुणाला द्यायलाही नव्हे. त्या पाहायला एकेक जण येऊ लागला आणि पाहता पाहता स्वतःच रंधा मारू लागला. पोस्टातून निवृत्त झालेले राणे आले, शाळेतल्या बेर्डेबाई आल्या, औषधाच्या दुकानाचे मालक आले. रविवारी सकाळी मांगरात पाच-सहा डोकी जमत. चाचा कुणाला शिकवत नसत. आपलं काम करत बसत. ज्याला पाहायचं त्यानं पाहावं.

दिगंबर शेवडे त्या सगळ्यांत तयार हाताचे. चौतीस वर्षं सरकारी खात्यात आरेखक होते. पुलांचे नकाशे काढण्यात उमेदीची वर्षं गेली. त्यांच्या होड्यांत केसाचाही फरक नसे. डोलकाठी ओळंब्यात, फळ्या सगळ्या एका रुंदीच्या, शिडाच्या दोऱ्यासुद्धा मोजून. घरी काचेच्या कपाटात पाच होड्या होत्या आणि पाहुणा आला की ते आधी कपाटाचा दिवा लावत, मग चहाचं विचारत.

सदाशिव डोर्लेकर सगळ्यात नवा. तरीवर तिकिटं फाडण्यात त्याचा जन्म गेला. तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी, पुढे तिथे लाँच आली तरी लोक तरच म्हणत. हा गडी मांगरात सर्वांआधी येई, भुसा झाडून काढी आणि शेवड्यांच्या शेजारी बसे. त्यांच्या हाताकडे पाहत राही.

"साहेबांसारखा हात या जन्मात नाही यायचा," असं तो बेर्डेबाईंना म्हणाला होता. शेवड्यांनी ते ऐकलं होतं आणि ऐकू आलं नाही असं दाखवलं होतं.

सात महिन्यांनी त्याची पहिली होडी तयार झाली. ती त्यानं घरी बांधली, मांगरात कुणाला न दाखवता. एका रविवारी उराशी धरून आणली आणि मांगराच्या मधोमध स्टुलावर ठेवली.

होडी वाकडी होती.

थोडीथोडकी नव्हे. पुढचा निमुळता भाग, ज्याला नाळ म्हणतात, तो चांगला बोटभर डावीकडे वळलेला. हाक मारल्यावर कुणी मान वळवावी तसा.

मग शेवडे उठले. त्यांनी पिशवीतून काटकोन तपासायचा गुण्या काढला, स्केल काढली. पठाणाला, म्हणजे होडीच्या तळाच्या कण्याला, एक दोरा ताणून लावला आणि सगळ्यांना जवळ बोलावलं.

"हे बघा. दोरा कुठे चाललाय आणि नाळ कुठे चाललीय. सदाशिव, ही होडी पाण्यात सोडलीस ना, तर समुद्रात जायची नाही. जागच्या जागी गोल फिरेल. भोवऱ्यासारखी."

औषधवाले हसले. मग राणे हसले. बेर्डेबाईंनीही तोंडाला पदर लावला. आणि सगळ्यांत मोठ्यानं हसला तो सदाशिव.

"खरंय साहेब. आमचं सगळं असंच."

चाचा कोपऱ्यात पटाशी घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

हसणं जरा लांबलंच. तेव्हा शेवड्यांना वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलायला हवं. ते म्हणाले, "माझ्याकडे ठेव आठ दिवस. सरळ करून देतो."

सदाशिवानं होडीकडे पाहिलं. मग चाचांकडे पाहिलं. मग म्हणाला, "ठेवा की."

एवढंच घडलं होतं. शेवड्यांनी घरी जाऊन पुढच्या फळ्या उकलल्या, वाकडी नाळ कापून काढली, सागाची नवी कोरून बसवली. डोळे दुखेपर्यंत काम केलं. त्यात दुष्टावा नव्हता. उलट त्यांना मनातून फार बरं वाटत होतं. आपण कुणासाठी तरी एवढे खपतो आहोत, हे सुख त्यांना नवं होतं.

आणि तीन रविवार सदाशिव आला नाही.

...

"होडी त्याची आहे," चाचा आता म्हणाले. "त्याला नेऊन द्या."

"तुम्ही निरोप पाठवा. येईल तो."

"तुम्ही नेऊन द्या."

"म्हणजे माझंच चुकलं, असं तुमचं म्हणणं."

चाचांनी पटाशी फडक्यानं पुसली. फडकं घडी करून ठेवलं.

"वरच्या वाडीत राहतो," ते म्हणाले. "पाखाडी संपली की डाव्या हाताचं घर."

शेवडे चढायला लागले तेव्हा त्यांच्या मनात राग होता. पाखाडीच्या शंभरएक पायऱ्या, सगळ्या चिऱ्याच्या, झिजलेल्या. वर पोहोचेपर्यंत धाप लागली आणि राग बराचसा वाटेत सांडला.

सदाशिव अंगणात जाळं विणत बसला होता. त्यांना पाहून गडबडीनं उठला, खुर्ची आणली, बायकोला चहा टाकायला सांगितलं. त्याच्या वागण्यात कुठे तेढ दिसली नाही. शेवड्यांनी पंचा सोडला आणि होडी त्याच्या हातात दिली.

सदाशिवानं ती पाहिली. बराच वेळ पाहिली.

"सुरेख झालीय साहेब," तो म्हणाला. "दुकानात ठेवावी अशी."

"मग येत का नाहीस?"

"येईन की. जरा कामं निघाली."

तेवढ्यात पडवीतून आवाज आला. "सदू, होडी आली काय रं?"

सदाशिवाचा चेहरा उतरला. पडवीत भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती. पंचाऐंशीच्या पुढची, डोळे पांढरे पडलेले. सदाशिवाची आई, भागीरथी.

"नाय आये. अजून नाय."

"मग लाकूड घासल्याचा वास कसला येतो? दे हिकडं."

सदाशिव जागचा हलला नाही. म्हातारीनं दोन्ही हात पुढे धरले आणि तसेच धरून ठेवले. शेवडे ओशाळले. घरात आपल्यामुळे काही बिनसू नये म्हणून त्यांनीच होडी घेतली आणि तिच्या हातांवर ठेवली.

"मी सरळ करून आणलीय, आजी."

म्हातारीनं एका हातानं होडी मांडीवर धरली. दुसऱ्या हाताची बोटं मागून निघाली. सुकाणूवरून, काठावरून, फळ्यांच्या जोडांवरून. हळूहळू पुढे आली. नाळेपाशी थांबली. मागे गेली. पुन्हा आली.

"ही कुणाची रं?" ती म्हणाली.

"आपलीच आये."

"नाय. ही आपली नाय." तिनं होडी बाजूला ठेवली. रागानं नव्हे. बाजारात परक्याची पिशवी चुकून उचलली तर खाली ठेवतात तशी. "आपल्या होडीचं त्वांड डावीकडं व्हतं. माझ्या हाताखाली केलंस की तू. बरोबर आलं व्हतं. ती कुठं हाय?"

सदाशिवानं होडी उचलून आत ठेवली.

शेवड्यांच्या पुढ्यात चहा आला होता, त्यांना कप उचलवेना.

"आजी," ते म्हणाले, "तुमची होडी खरंच तशी होती?"

"सगळ्या गावाला ठावं हाय. सदूचा बाप बावीस वर्सं तीच घेऊन गेला दर्यात." म्हातारीचा हात रिकाम्या मांडीवर होता, बोटं अजून चाचपडत होती. "सांजंला होड्या परतायच्या तवा सगळ्या बायका किनाऱ्याला उभ्या. लांबून सगळ्या होड्या सारख्याच. ज्याच्या त्याच्या काळजात धाकधूक. मला मातुर आधी कळायचं. मान वळवलेली एकच होडी व्हती. मी सगळ्यांच्या आधी घरला जाऊन चूल पेटवायची."

तिची बोटं थांबली.

"एकदा नाय आली ती. तवाबी मलाच आधी कळलं."

शेवडे खाली मान घालून बसले. आपले हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. तेच हात, ज्यांची एवढी कीर्ती.

निघताना सदाशिव पाखाडीपर्यंत आला.

"त्या दिवशी बोलला का नाहीस?" शेवड्यांनी विचारलं. "ही होडी अशीच होती, एवढं म्हणाला असतास तर..."

"तर तुम्ही विचारलं असतंत, कुणी बांधली एवढी वाकडी."

"मग?"

सदाशिवानं खाली खाडीकडे पाहिलं. वरून मांगराचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं.

"चाचांनी," तो म्हणाला. "त्यांनी एकट्यानं बांधलेली पहिली होडी ती. विशीत होते तेव्हा. त्या दिवशी लोक हसतच होते साहेब. म्हटलं, माझ्यावर हसतायत तर हसू देत. नाव निघालं असतं तर त्यांच्यावर हसले असते, त्यांच्याच मांगरात."

"आणि होडी मला दिलीस ती का?"

"नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं."

शेवड्यांनी रिकामा पंचा खांद्यावर टाकला.

"मी येत नाही ते तुमच्यामुळे नाही. चाचांना वाटलं असेल, मी त्यांची जुनी चूक मुद्दाम स्टुलावर मांडली. मला तोंड दाखवायला लाज वाटते."

शेवडे पायऱ्या उतरू लागले. मध्येच एका पायरीवर ते बसले. चढणाऱ्या एका बाईनं विचारलं, चक्कर आली का. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. त्यांना आठवत होता तो ताणलेला दोरा. तो दोरा धरून आपण सगळ्यांना जवळ बोलावलं. या, बघा. आपला आवाज किती खुलला होता तेव्हा. आणि समोर एक माणूस दुसऱ्याची लाज झाकायला मोठमोठ्यानं हसत होता, आणि आपल्याला वाटलं, बरं झालं, यानं खेळकरपणे घेतलं.

मांगरात चाचा एकटेच होते. भाकरी खाऊन हात धूत होते.

शेवडे दारातच थांबले.

"तुम्ही सांगितलं का नाहीत?" त्यांनी विचारलं.

चाचांनी हात पुसले.

"तुम्ही गुण्या लावलात, लोक हसले... तसंच हसले होते तेव्हा. तोच आवाज." ते थांबले. "मी लाजलो, शेवडे. या वयात. सदूनं माझी होडी बांधली होती, केवढ्या मायेनं, आणि मी पटाशी घासत बसलो. धार केव्हाच लागली होती."

शेवडे आत येऊन भुशावर बसले. स्टूल रिकामं होतं, त्यावर नाही बसले.

"पहिल्यांदा काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

"होडी पाण्यात ढकलली, सगळ्यांना दिसलं वाकडी आहे. हसले. मी पळालो. घरी जाऊन धान्याच्या कणगीमागे बसलो. अब्बांनी हाका मारल्या, गेलो नाही. मग राघो डोर्लेकर आला, सदूचा बाप. होडी त्याच्यासाठीच बांधलेली. मला वाटलं, मारतो आता."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, होडी वाकडी झालीय."

शेवड्यांनी वर पाहिलं.

"तोही खरंच बोलला," चाचा म्हणाले. "मग म्हणाला, ऊठ, दोघं बसू तिच्यात. वाकडी चालते कशी ते बघायला हवं... गेलो. पार खाडीच्या तोंडापर्यंत. सुकाणू सारखं थोडं दाबून धरावं लागायचं. तो दाबून धरायचा आणि मला म्हणायचा, हां, आता कळली. परत आलो तेव्हा किनाऱ्यावर कुणी नव्हतं. हसणारे जेवायला गेले होते."

बाहेर ओहोटी लागली होती, चिखलात खेकड्यांची टकटक ऐकू येत होती.

"चाचा, मी ती पुन्हा वाकडी करतो. माप सांगा."

"माप नाही."

"तुम्ही बांधली होती."

"चुकून बांधली होती. चूक कशी झाली ते मला तेव्हाही कळलं नाही. नंतर कितीतरी बांधल्या. तशी एकही आली नाही."

"मग सदाशिवाची नाळ होती, तिच्यावरून..." शेवडे बोलता बोलता थांबले. त्यांचा चेहरा पडला. "ती मी बंबात घातली."

चाचांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात ठपका नव्हता, म्हणून तर ते सोसवेना.

"माप एकाच ठिकाणी आहे," चाचा म्हणाले. "तिथे जा."

"कुठे?"

चाचांनी आपला उजवा हात पुढे केला, डोळे मिटले आणि हवेत बोटं फिरवली. हळूहळू. मागून पुढे.

शेवड्यांना कळलं. आणि कळल्याबरोबर त्यांना वाटलं, दुसरी कुठलीही शिक्षा चालली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा पाखाडी चढले. अंगणात उभे राहून त्यांनी सदाशिवाला सांगितलं, सगळं, नाळ जाळली तेही. वाक्यं त्यांनी रात्री जुळवून ठेवली होती. त्यांतलं एकही नीट आलं नाही. मग म्हातारीपुढे जाऊन बसले आणि तेच पुन्हा सांगितलं.

म्हातारीनं ऐकून घेतलं.

"तुमी काय काम करायचात?" तिनं विचारलं.

"पुलांचे नकाशे काढायचो."

"पूल सरळच पायजे," ती म्हणाली. आणि हात पुढे धरला. "आणा हिकडं."

पुढले पाच आठवडे शेवडे रोज वर जात होते. गुण्या घरी ठेवला होता, स्केलही. लाकूड सदाशिवानं दिलं, शिवणीचं, त्याच ओंडक्यातलं उरलेलं. शेवडे कोरायचे, सदाशिव धरायचा. कधी सदाशिव कोरायचा आणि शेवडे धरायचे. मग नाळ म्हातारीच्या बोटांखाली जायची.

"अजून डावीकडं."

"एवढं?"

"ही लईच झाली. मान मोडल्यावानी."

शेवड्यांनी पहिल्या आठवड्यात चार नाळा केल्या. चारही तिनं बाजूला ठेवल्या. आयुष्यात त्यांचं काम इतक्या वेळा कुणी परत केलं नव्हतं. पाचव्या खेपेला त्यांची पटाशी निसटली आणि फळीला चीर गेली. सरकारी कचेरीत असं एखाद्या हाताखालच्याकडून झालं असतं, तर त्यांनी काय म्हटलं असतं ते त्यांना शब्दन्‌शब्द ठाऊक होतं.

सदाशिवानं चीर पाहिली.

"चीर पडलीय," तो म्हणाला. "थांबा, मी दाबून धरतो, तुम्ही सरस भरा. दोघांनी होईल."

आणि तो धरून बसला. सरस वाळायला तास लागला. तासभर दोघे समोरासमोर, चार हात एका फळीवर. शेवड्यांना वाटत होतं की यानं एकदा तरी रागावून बोलावं, म्हणजे मोकळं होता येईल. तो रागावत नव्हता. तो म्हणत होता, "साहेब, आज हात बरा चालतोय तुमचा. काल ताठ होता."

शेवडे फळीकडे पाहत राहिले. मान वर करवली नाही.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी म्हातारीची बोटं नाळेपाशी आली आणि तिथेच राहिली. तिनं होडी परत दिली नाही. मांडीवर घेऊन बसली. चूल पेटली, चहा झाला, चहा निवला, तरी बसली.

"झाली का आजी?" शेवड्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक निघाला की सदाशिवाला ते पुन्हा विचारावं लागलं.

"वळखीची वाटते," म्हातारी म्हणाली. मग जरा थांबून, जे होतं ते सांगितलं. "पर सदूनं केल्याली, ती हिच्यापरीस बरी व्हती."

"होय आजी," शेवडे म्हणाले.

त्या रविवारी दोघे बरोबरच मांगरात आले. सदाशिव दारात अडखळला. चाचा उठले, गुडघ्यावर हात टेकत, आणि त्यांनी त्याच्या हातातून होडी घेतली. तिला उन्हात धरलं. कितीतरी वेळ ते तिच्याकडे पाहत होते. अंगठा नाळेवरून फिरला.

"सदू," ते म्हणाले, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"मीच तुम्हाला न विचारता बांधली चाचा."

"बरं केलंस."

चाचांनी होडी स्टुलावर ठेवली, मधोमध. राणे आले होते, बेर्डेबाई आल्या होत्या, औषधवाले आले होते. होडी पुन्हा वाकडी झालेली पाहून ते गोंधळले. औषधवाले काहीतरी गमतीचं बोलायच्या बेतात होते.

शेवडे उठून उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

"ही होडी बरोबर होती," ते म्हणाले. "मला ठाऊक नव्हतं. न विचारता मी तिची मोडतोड केली. आता आहे ती पहिल्यासारखी नाही. पहिली चांगली होती." ते थांबले. सदाशिवाकडे वळले. "ती सदाशिवानं बांधली होती," एवढं म्हणून ते खाली बसले.

कुणी हसलं नाही. बेर्डेबाई पुढे होऊन होडी पाहू लागल्या, मग राणेही वाकले. सदाशिव त्यांना सांगू लागला, सांजेच्या होड्या, किनाऱ्यावरच्या बायका. कुणी बांधली होती ते त्यानं आताही सांगितलं नाही.

"मी बांधली होती," चाचा मागून म्हणाले. "विसाव्या वर्षी."

...

दुपारी सगळे पांगले. सदाशिवानं भुसा झाडला आणि होडी घेऊन आईकडे गेला. शेवडे मात्र रेंगाळले. त्यांनी एक रंधा उचलला, जागेवर ठेवला, पुन्हा उचलला.

"सगळे नीट वागले माझ्याशी," ते म्हणाले. "सदाशिव, त्याची आई. आज हे सगळेही."

"हं."

"तरी जात नाही, चाचा. झोपताना तो दोरा दिसतो. सकाळी उठलो की आधी ते हसणं ऐकू येतं." त्यांनी रंधा खाली ठेवला. "ही लाज माणसाला किती दिवस राहते?"

चाचा कामाला बसले होते. समोर नव्या होडीचा पठाण होता, अजून नुसतं एक सरळ लाकूड. एक डोळा मिटून ते त्याच्यावरून नजर टाकत होते. त्यांनी लाकूड जरा फिरवलं, पुन्हा पाहिलं.

"माझी एकसष्ट वर्षांची झाली," ते म्हणाले. "अजून कामाला येते."